पोटॅशियम चौदा

पहाटे साडेपाचला आम्ही पहिलं रक्त लावतो
ते कोणाचंच नसतं.
बाटलीत कोरडी भुकटी येते,
पाच मिली पाणी घालून हळूहळू फिरवायचं,
फेस येऊ द्यायचा नाही.
त्याचं उत्तर सोबतच्या कागदावर छापलेलं असतं.
यंत्रानं तेच सांगितलं
तर त्या दिवसापुरता यंत्रावर विश्वास.
माणसांची रक्तं त्यानंतर.

रास्ता पेठेतल्या या तळघराला खिडकी एकच,
तिच्यातून फक्त पावलं दिसतात.
घाईत कोण आहे एवढं कळतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी आकडा आला:
पोटॅशियम चौदा पूर्णांक एक,
कॅल्शियम दोनच्याही खाली.
हिरालाल परदेशी, एकसष्ट, पुरुष, वॉर्ड चार.

चौदा घेऊन माणूस जिवंत नसतो.
सातलाच हृदय अडखळायला लागतं.
मी वर फोन लावला, पेशंट कसा आहे?
सिस्टर म्हणाल्या, बसलाय की. पोहे खातोय.
लिंबू दिलं नाही म्हणून कुरकुर चाललीय.

मग लख्ख कळलं.
जांभळ्या टोपणाची ट्यूब. रक्त गोठू नये म्हणून
तिच्या तळाशी पोटॅशियमचं मीठ असतं,
कॅल्शियमला मिठीत धरून सोडत नाही ते.
त्यातलं रक्त कोणीतरी लाल टोपणात ओतलं होतं.
बिराजदार नावाचा इंटर्न खाली आला, मान खाली घालून.
शीर सापडत नव्हती मॅडम,
लालमध्ये थोडंच आलं,
म्हणून तिकडचं इकडे.
मी रागावले, रीतसर.
आतून मात्र इतकी खूश होते
की दुसऱ्या कपाचा चहा सांगितला.
न मेलेल्या माणसाला मी कागदावर मरू दिलं नव्हतं.

आठला दुसरा नमुना आला, शहाण्यासारखा, लाल ट्यूबमध्ये.
पोटॅशियम चार पूर्णांक चार.
कॅल्शियम तेरा पूर्णांक दोन.
पुन्हा लावलं. तेरा पूर्णांक दोन.
प्रोटीन दहा पूर्णांक आठ, अल्ब्युमिन जेमतेम तीन.
उरलेलं आठ कशाचं?

पहिला कागद कचऱ्याच्या टोपलीतून काढला.
प्रोटीन तेव्हाही तेवढंच होतं,
चौदाच्या खाली, चार ओळी सोडून.
चूक सापडल्याच्या आनंदात
मी तिथवर वाचलंच नव्हतं.

फॉर्मवर लिहिलं होतं: पाठदुखी, सहा महिने.
धंदा: नाना पेठेत गाड्यांच्या सीटा शिवणे.
सोलापूर रोडच्या खड्ड्यांवर त्यानं खापर फोडलेलं.

इलेक्ट्रोफोरेसिस गुरुवारी लागतं.
निरोगी माणसाचा आलेख म्हणजे आपलीच डोंगररांग:
आधी सिंहगडासारखा उंच अल्ब्युमिन,
मग लहानसहान उतरंड,
शेवटी पर्वतीसारखी बसकी, पसरट टेकडी.
परदेशींच्या कागदावर पर्वतीच्या जागी
सुई उभी होती.
सबनीस मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या,
मग सही केली.
कागदावर आजाराचं नाव आम्ही लिहीत नाही.
लिहितो, पुढील तपासणी आवश्यक.

शुक्रवारी तो स्वतः आला,
चोवीस तासांच्या लघवीचा कॅन घेऊन,
कॅनला वर्तमानपत्र नीट गुंडाळून दोरी बांधलेली.
अजून त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं,
की सांगितलं होतं, कोण जाणे.
माझ्या खुर्चीकडे बघून म्हणाला,
ताई, फोम बसलाय हिचा. अशानं पाठ जाईल तुमची.
वाकवत नव्हतं तरी वाकला,
उसवलेल्या रेक्झिनवर वीत टाकली.
रुंदी सव्वादोन, खोली दोनला बोटभर कमी.
बरं वाटलं की करून देतो म्हणाला.

ते माप मी कुठल्या रजिस्टरात चढवलं नाही.
अजून पाठ आहे.